आजची तीन, एकूण एकोणपन्नास

“मुसफ्फात बाग?” हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता आम्ही उत्तर देत बसत नाही, विचारणाऱ्याला सरळ चहाला बोलावतो. मुसफ्फा म्हटले की अबू धाबीकरांच्या डोळ्यांपुढे गॅरेज, गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ट्रकच्या रांगा उभ्या राहतात. ते खोटे नाही. पण त्या औद्योगिक भागाला लागूनच शाबिया आहे. तिथे संसार आहेत, सायकली फिरवणारी मुले आहेत आणि आमच्या तळमजल्यावरच्या घरापुढे चार हात रुंद अंगणही आहे. त्या अंगणात कढीपत्ता, तुळस, कोरफड, एक हट्टी मोगरा आणि डे लिलीच्या अकरा कुंड्या आहेत. वर्गाच्या बाईंनी “बागेवर काहीतरी लिहून द्या” म्हणून सांगितले, तेव्हा मोगऱ्यावर लिहावे असे आमच्या मनात होते. घरात मतदान झाले आणि मोगरा पडला.

डे लिली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. पाने गवती चहासारखी लांब, कमानीसारखी वाकलेली आणि बुंध्याशी दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली. अशा एका जुडग्याला आम्ही घरात ‘पंखा’च म्हणतो. वसंतात पंख्याच्या मधून पानांपेक्षा उंच असा एक दांडा निघतो, टोकाशी त्याला फाटे फुटतात आणि दहा-पंधरा, कधी वीस कळ्या लागतात. त्या सगळ्या एकदम उमलत नाहीत. आज एक, उद्या दोन, परवा कदाचित एकही नाही. उमललेले फूल दिवसभर तोऱ्यात असते आणि रात्री मिटते ते कायमचे. दुसऱ्या दिवशी त्या जागी एक ओली, मऊ वळकटी लोंबत असते. शेजारची कळी तोवर तयार झालेली असते.

एका दिवसाचे फूल आपल्याला काही नवे नाही. जास्वंद दिवसाची, प्राजक्त रात्रीचा, गुलबक्षी संध्याकाळी उमलून सकाळी मिटणारी, आणि चिनी गुलाब तर ऑफिसच्या वेळेवर हजर होणारा. या फुलाच्या मात्र शास्त्रीय नावातच दिवस आहे. ग्रीक भाषेत हेमेरा म्हणजे दिवस आणि कालोस म्हणजे सुंदर. त्यावरून आलेले ‘हेमेरोकॅलिस’ हे नाव लिनियसने १७५३ साली आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात नोंदवले. दुसरी गंमत अशी की डे लिली ही खरी लिली नव्हेच. खऱ्या लिलीला कांदा असतो. हिला शतावरीसारखी जाड, पांढरट, पाणी साठवणारी मुळे असतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१६ साली जी वर्गवारी मांडली तीत डे लिली चक्क कोरफडीच्या कुळात आहे. बालमित्रांनो, आमच्या अंगणात या दोघी शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकमेकींशी चेहरा अजिबात जुळत नाही, पण आहेत चुलत बहिणी.

आमच्याकडे ही आली ती २०२१ च्या जूनमध्ये, आणि विकत आणलेली नाही. गल्फमध्ये कोणी परत निघाले की त्यांच्या घरात शेवटच्या पंधरवड्यात काय चालते ते पालकांना ठाऊक आहे. सोफा विकला जातो, फ्रिज विकला जातो, गाडीचे कागद होतात, आणि झाडे मात्र विकायची म्हटले तरी हात पुढे होत नाही. आमच्या ओळखीचे एक कुटुंब चौदा वर्षे इथे राहून नाशिकला परत गेले. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या घरच्या काकूंनी रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेले तीन पंखे आणून आमच्या दारात ठेवले. जातीचे नाव त्यांनाही माहीत नव्हते. ज्यांनी त्यांना दिले ते त्याआधीच परत गेले होते. पिवळे फूल, गळ्याशी तांबूस छटा, हिवाळ्यातही पान हिरवे राहणारी जात, एवढीच ओळख.

आता आजीविषयी सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय हा लेख म्हणजे नुसता खतपाण्याचा हिशेब होईल.

मुलांची आजी मिरजेला असते. काचबिंदूमुळे तिला अलीकडे फारच अंधुक दिसते. त्यामुळे फोटो पाठवणे, व्हिडिओवर चेहरा दाखवणे याचा काही उपयोग नाही. जे सांगायचे ते शब्दांत सांगायला हवे, आणि शब्द तर आमच्या मुलांजवळ नव्हते. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. “कशी आहेस आजी?” “बरी आहे. जेवलास का?” “हो.” “अभ्यास?” “चाललाय.” एवढे झाले की फोन आमच्या हातात परत. मुलांचे आजीवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. पण प्रेम आहे म्हणून बोलणे सुचतेच असे कोठे आहे? गोष्टींची पुस्तके झाली, श्लोक झाले, गाणी झाली. त्या सगळ्यांतून मुले मराठी ऐकत होती, बोलत नव्हती. आजीला ठाऊक नसलेले आणि फक्त आपणच सांगू शकतो असे त्यांच्यापाशी काही नव्हते.

पहिले फूल आले ३ एप्रिल २०२२ रोजी. इथे सकाळी सहा वाजतात तेव्हा मिरजेत साडेसात झालेले असतात. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने हट्टाने फोन लावायला लावला आणि ओरडून सांगितले, “आजी, फ्लॉवर ओपन झालं!”

“काय झालं?”

“फ्लॉवर! ओपन!”

“उमललं म्हण. कसलं फूल गं?”

“डे लिली.”

“डेली? म्हणजे रोज येतं होय?”

आजीच्या लेखी त्या दिवसापासून तिचे नाव ‘रोजची’ पडले आणि आमच्या घरातही तेच रूढ झाले. पुढे आजीने चौकशी केली. वास येतो का? नाही. मग काय उपयोगाचं! पान कसं, सोनटक्क्यासारखं का? धाकटीने सोनटक्का पाहिलेला नव्हता. थोरला मागून म्हणाला, “नाही, चहात घालतो त्या गवतासारखं.” आजी म्हणाली, “गवती चहा.” एवढ्या बोलण्यातच आधीच्या महिन्याभराच्या फोनांपेक्षा जास्त वेळ गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रडत रडत फोन. “आजी, ते मेलं.”

“फूल मरत नसतं गं. आधी कोमेजतं, मग सुकतं, मग गळतं. तुझं कुठवर आलंय ते बघून ये.”

ती डोळे पुसत बघायला गेली. परत येऊन म्हणाली, “कोमेजलंय. पण दुसरं ओपन... उमललंय.”

तिथून जे सुरू झाले ते त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालले. रोज सकाळी दोन-तीन मिनिटांचा फोन. थोरल्याने एक वही केली. तारीख, आज किती, एकूण किती. तो तेव्हा दहा वर्षांचा होता आणि त्याला मराठी अंक वीसपर्यंत येत होते. ‘ट्वेंटी नाइन’ म्हटले की आजी पलीकडून काही बोलायचीच नाही. मग तिनेच समजावून दिले, तीस व्हायला एक उणा, म्हणून एकोणतीस. एकोणचाळीस तसेच. ते कळल्यावर त्याला एकोणची इतकी गोडी लागली की पुढच्या एकोणसाठी तो कळ्या मोजून ठेवू लागला. ज्या दिवशी त्याने शाळेच्या बुटांची नाडी बांधता बांधता, वहीत न बघता “आजची तीन, एकूण एकोणपन्नास” असे एका दमात सांगितले, त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर तो लाजून बंद पडला असता. त्या वर्षी सगळी मिळून सत्त्याऐंशी फुले आली. सत्त्याऐंशी हा आकडा म्हणजे मराठी वर्गातल्या कोणत्याही मुलाला दिलेली शिक्षाच आहे. आणखी दोन आली असती तर एकोणनव्वद तरी झाले असते, अशी त्याची तक्रार अजून आहे.

आम्हाला वाटते, ही करामत त्या फुलाच्या एका दिवसाची आहे. बोगनवेल इथे हिवाळाभर फुललेलीच असते. तिच्याविषयी पहिल्या दिवशी सांगून झाले की विषय संपला. ‘रोजची’ची बातमी मात्र रोज बदलते आणि आज सांगितली नाही तर उद्या शिळी होते.

आता लागवडीकडे वळतो, कारण रोप मागणारे पालक तेवढेच विचारतात.

इथली जमीन ही पहिली अडचण. अबू धाबीच्या किनाऱ्यालगतची सपाट खारट जमीन ‘सबखा’ म्हणून भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत नाव कमावून बसली आहे. खाली खारे पाणी आणि वर उन्हाने ते सुकून आलेला मिठाचा पापुद्रा. मुसफ्फा अशाच किनारपट्टीवर वसलेले आहे. तेव्हा जमिनीत खड्डा खणण्याचा मोह सोडून कुंडीच घ्यावी, निदान एक फूट खोल आणि तळाला भोके असलेली. धुतलेली वाळू, नारळाच्या भुश्याचा कोकोपीट आणि चांगले कुजलेले खत असे मिश्रण आम्ही वापरतो. कोकोपीट एक-दोन वेळा पाण्यात भिजवून, पिळून घ्यावा, कारण त्यातही मीठ असू शकते. रोप लावताना पान आणि मुळे जिथे जुळतात तो गड्डा मातीखाली साधारण एक इंचच जाऊ द्यावा. खोल गेला तर फुले रुसतात, आणि कुंडीत पाणी तुंबले तर गड्डा सडतो.

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर पाणी कमी पडले असे समजून आणखी ओतू नये. इथल्या मातीत चुना फार. लोह असले तरी चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यासाठी नर्सरीत चिलेटेड लोह मिळते. ते पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात विरघळवून मुळाशी घालावे. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी येतात.

पाण्याचे म्हणाल तर नळाचे पाणी म्हणजे समुद्राचेच गोडे केलेले पाणी. ते झाडाला चालते, पण मोलाचे आहे. आम्ही उन्हाळ्यात एसीचे पाणी वापरतो. हवेतली वाफ थंड जाळीवर जमून जे पाणी नळीतून ठिबकते, ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्यासारखे, क्षार नसलेले असते. जुलैच्या दमट दिवसांत एका एसीखाली ठेवलेली बादली सहज भरते. कुंडीत साठलेले मीठ धुऊन काढायला याच्यासारखे पाणी नाही. मात्र त्यात पोषण काहीच नसते, तेव्हा हिवाळ्यात खत विसरू नये. पिण्यासाठी ते अर्थातच नाही. हे थोरल्याच्या मित्रांना दोनदा सांगावे लागले. आणि एक, एसीच्या बाहेरच्या यंत्रातून निघणारा गरम झोत कुंडीवर येणार नाही अशी जागा निवडावी.

ऊन सकाळचे द्यावे, दुपारचे देऊ नये. ‘भरपूर सूर्यप्रकाशात लावा’ असे पुस्तकांत लिहिलेले असते ते मुसफ्फातला मे महिना पाहून लिहिलेले नाही. पूर्वेकडची भिंत उत्तम. दहा-साडेदहानंतर सावली. मे लागला की आम्ही हिरवी जाळी बांधतो. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की मुळे शिजतात. म्हणून मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने मुळे गार राहतात.

जून ते सप्टेंबर फुलांची आशा धरू नये. पानांची टोके करपतात, झाड गप्प बसते. खत नाही, छाटणी नाही, नुसते तगवायचे. याच दिवसांत आपण सगळे सुट्टीत भारतात जातो आणि घरात एसी बंद, म्हणजे बादलीही कोरडी. आमच्या कुंड्या तेव्हा उत्तरेच्या भिंतीशी जातात आणि शेजारचे मल्याळी काका आठवड्यातून दोनदा पाणी घालतात. मोबदला म्हणून येताना बाकरवडीचे दोन पुडे. झाडाच्या जाड मुळांत पाण्याचा साठा असतो म्हणून ही तडजोड निभते. मोगऱ्याच्या बाबतीत काकांना रोज यावे लागते आणि त्याबद्दल ते दर वर्षी आम्हाला ऐकवतात.

ऑक्टोबरात हवा वळली की नवी पाने येतात. तेव्हा खत सुरू करावे. मार्चच्या सुमारास कोवळ्या दांड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा फवारा किंवा साबणाचे पातळ पाणी पुरते. सुकलेले फूल रोज देठाशी मोडून काढावे म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही. हे काम आमच्याकडे धाकटीचे आहे. आजी त्याला ‘निर्माल्य काढणे’ म्हणते.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस कोणीच विसरलेले नसेल. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत या देशात एवढा पाऊस कधी झालेला नव्हता. आपल्याकडे वर्षाला शंभर मिलिमीटर होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तो आकडा कळतो. शाळा घरूनच भरली. आमच्या अंगणात घोटाभर पाणी होते आणि ‘रोजची’चा हंगाम ऐन भरात. आम्ही कुंड्या विटांवर चढवल्या, पण उमललेल्या चार फुलांच्या चिंध्या झाल्या. आता प्रश्न असा पडला की ही चार वहीत धरायची की नाहीत? थोरल्याचे म्हणणे, सात वाजेपर्यंतसुद्धा टिकली नाहीत, धरू नयेत. धाकटीचे म्हणणे, धरावीत. प्रकरण मिरजेला गेले. आजीने विचारले, “उमलली होती का?” “हो.” “मग धरा.” वहीत त्या तारखेपुढे चार आहे आणि शेजारी पेन्सिलीने पावसाचे थेंब काढलेले आहेत.

त्याच उन्हाळ्यात आम्हाला या फुलाची चिनी हकीकत कळली. डे लिली मूळची पूर्व आशियातली. चीनमध्ये तिला शुआनत्साओ म्हणतात आणि ती चिंता विसरायला लावणारी वनस्पती मानतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या जुन्या गीतसंग्रहातही तिचा उल्लेख आहे. मुलगा दूर देशी निघाला की आईच्या खोलीपुढे ही लावायची, म्हणजे तिला मुलाची काळजी कमी वाटेल, असा संकेत तिथे होता. त्यावरून ही आईचीच खूण ठरली. तिच्या वाळवलेल्या कळ्या चिनी स्वयंपाकात वापरतात. मूळ चिनी पद्धतीच्या ‘हॉट अँड सोअर’ सूपमध्ये त्या असतात, आपण हॉटेलात पितो त्यात कोबी असतो. (कुंडीतल्या कळ्या मात्र तोडून खाऊ नयेत. नर्सरीतल्या रोपांवर कसली फवारणी झालेली असते सांगता येत नाही.)

ही हकीकत आम्ही मोठ्या कौतुकाने आजीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “म्हणजे लावायची आईच्या दारात. तुम्ही लावलीय तुमच्या दारात. विसर तुम्हालाच पडायचा की!”

ती हसत होती. आम्हालाही हसावे लागले. पण त्या रात्री आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आमच्या कुंडीतला पंखा कागदात गुंडाळून बॅगेतून न्यावा, हा पहिला विचार. तो करता येत नाही. भारतात बाहेरून रोपे आणण्यावर २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाचे नियम लागू आहेत. आधी परवाना लागतो आणि रोप निरोगी असल्याचे निघण्याच्या देशाचे प्रमाणपत्र लागते. मातीबरोबर कीड आणि रोग प्रवास करतात, तेव्हा नियम योग्यच आहे. मुलांना तो आम्ही नीट समजावून सांगितला. थोरल्याने विचारले, “मग आपण परत गेलो तर ही इथेच राहणार?” आम्ही हो म्हणालो. आमच्या कराराचे दर दोन वर्षांनी काय होते ते त्याला कळू लागले आहे.

शेवटी काकाने पुण्याच्या एका नर्सरीतून डे लिलीचे रोप मिळवले आणि २०२४ च्या दिवाळीत ते मिरजेच्या अंगणात लागले. ते अजून फुललेले नाही. पहिला वसंत कोरडा गेला तेव्हा धाकटीने चौकशी केली. कुठे लावलीस? पेरूखाली. ऊन किती वेळ येतं? येतं थोडं. “आजी, थोडं नाही चालत, तिला पाच-सहा तास ऊन लागतं. तू तिला सावलीत बसवून ठेवलीयस.” आजीने बरेच आढेवेढे घेतले, पेरूखाली सगळे येते असे सांगून पाहिले, आणि मग रोप पायरीजवळ हलवले.

आता रोज सकाळी आजी पायरीवर बसून पानांमधून हात फिरवते. दिसत नसल्यामुळे दांडा आला तर कळणार कसा, हा तिचा प्रश्न होता. धाकटी आता दहा वर्षांची आहे. तिने अंगणात जाऊन, डोळे मिटून, आधी पान आणि मग दांडा बोटांत धरून पाहिला आणि फोनवर सांगितले, “पान चपटं असतं आजी, आणि मधोमध घडी असते, कागदाला घालतो तशी. दांडा गोल असतो, कडक असतो, आणि वर गेलं की बोटाला बारीक बारीक गाठी लागतात. त्या कळ्या.” आजी म्हणाली, “थांब, बघते.” फोन बराच वेळ नुसता सुरू होता. मग पलीकडून आवाज आला, “सगळी पानंच आहेत. उद्या बघू.”

आमची झाडे मात्र चांगली माजली आहेत. तीन पंख्यांचे अकरा कुंड्या झाल्या त्या वाटणी करून. दर तीन-चार वर्षांनी दाटी झाली की फुले कमी होतात. तेव्हा कुंडी उपडी करून, माती धुऊन, प्रत्येक पंखा गड्ड्याच्या तुकड्यासकट आणि मुळांसकट वेगळा करायचा, पाने वीतभर ठेवून कापायची आणि नव्या कुंडीत लावायचा. कधी कधी दांड्यावरच एक छोटे पिल्लू फुटते. दांडा सुकण्याआधी ते काढून लावले तर तेही जगते. जुन्या बागांतून सर्वत्र दिसणारी जी नारिंगी डे लिली आहे तिची तर अशी स्थिती आहे की ती बी धरतच नाही. साध्या जातीत गुणसूत्रे बावीस, हिच्यात तेहतीस, त्यामुळे बीजाची जुळणी होत नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात आयुष्यभर डे लिलीचा अभ्यास करणाऱ्या स्टाउट यांनी तिचे कोडे पुष्कळसे उलगडले आणि १९३४ साली त्यावर पुस्तकही लिहिले. ती आशियातून युरोपात आणि तिथून अमेरिकेत पोचली ती मुळांच्या तुकड्यांनी, कोणीतरी कोणाला तरी दिली म्हणून.

येत्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा वाटणी करणार आहोत. सात-आठ पंखे सुटे होतील असा अंदाज आहे. ज्यांना हवे असतील त्यांनी शनिवारी वर्गाला येताना तळाला भोक असलेली कुंडी आणावी. माती आम्ही देऊ. मुलांनी वही आणली तर तीत पहिल्या पानावर तारीख घालण्याचे काम थोरल्याने मागून घेतले आहे.

एक सूचना महत्त्वाची. ज्यांच्या घरी मांजर आहे, किंवा शाबियातली मांजरे ज्यांच्या गॅलरीत मुक्कामाला असतात, त्यांनी हे झाड मागू नये. डे लिली आणि खरी लिली या दोन्ही मांजरांना विषारी आहेत. पान, फूल, परागकण, काहीही थोडेसे जरी पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आमचे अंगण जाळीने बंद केलेले आहे ते याचसाठी. मांजरवाल्या घरांसाठी मोगऱ्याची कलमे करून ठेवतो. त्याने मांजराला काही होत नाही, आणि आजीच्या मते वास असलेले तेच खरे फूल.